सुमिदाकाठचं गाऱ्हाणं

मी उजवीकडे वळलो आणि समोरून सगळं जपान माझ्या अंगावर आलं.

सगळं म्हणजे तीन म्हातारे, एक उघडी छत्री आणि दोरीला बांधलेला एक केसाळ कुत्रा. पण देवळाचं अंगण इतकं लहान होतं की तेवढ्यांनीच ते भरून गेलं. आमच्यामध्ये गवताचं एक भलं मोठं कडं उभं होतं. माणूस न वाकता आत शिरेल एवढं, ओल्या हिरव्या पात्यांचं, नुकत्या कापलेल्या बांधासारख्या वासाचं. त्यातून पलीकडे जायचं, डावीकडे वळून कड्याबाहेरून परत यायचं, पुन्हा आत जाऊन या खेपेला उजवीकडे, मग आणखी एकदा डावीकडे. वर्षाचे पहिले सहा महिने अंगाला जे काही चिकटलं असेल ते या कड्याला पुसायचं आणि कोरं होऊन घरी जायचं, अशी तिथली जूनअखेरची रीत आहे. ती मला आमच्या मुलीने, अनघाने, दोनदा नीट समजावून सांगितली होती, आणि दोन्ही वेळा मी नीट मान डोलावली होती. पण देव समोर दिसला की आपले पाय आपल्याला विचारत नाहीत. देव उजव्या हाताला ठेवून ते चालू लागतात. त्यामुळे पहिल्याच फेरीत सारे डावीकडे गेले आणि मी प्रदक्षिणेला निघालो.

चुकलेल्या माणसाला जपानी माणूस त्याची चूक दाखवत नाही. आपणच चुकल्यासारखा वाकतो. तिन्ही म्हातारे वाकले. मी वाकलो. मी वाकलो म्हणून ते पुन्हा वाकले. कुत्रा बसला, कारण त्याला हा प्रकार लवकर संपेल असं दिसेना. हवेत धुकं आणि पाऊस यांच्या मधलं काहीतरी तरंगत होतं, आणि त्यात आम्ही चार म्हातारे एकमेकांना उगाचच नमस्कार करत उभे होतो.

तेवढ्यात मागे कुणीतरी नाकातून फुस्स केलं. वळून पाहिलं तर कालिंदी. माझी बायको. अनघाच्या दंडाला धरून उभी होती आणि हसत होती. आवाज नाही, तोंडही डावीकडचंच तेवढं हसत होतं. पण आदल्या नोव्हेंबरपासून ते हसू मी पाहिलं नव्हतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील.

कालिंदी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातली, गावकराची मुलगी. गावकर म्हणजे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान ज्याच्या घराण्याला आहे तो. वर्षाच्या कार्याला तो रवळनाथासमोर उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने खणखणीत मालवणीत देवाला सांगतो, की बाबा, ही तुझी लेकरं आली आहेत, यांची गुरंढोरं सांभाळ, मुंबईला गेलेल्यांची पाठ राख. त्याच्या एकेका वाक्यामागे देवळात जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' देवाकडे काय मागितलं याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. एक बोलतो, बाकीचे हो म्हणतात. मी वर्तमानपत्रात टवाळीचं सदर लिहून पोट भरलं. विधानसभा असो, साहित्य संमेलन असो की आमच्या सोसायटीची वार्षिक सभा, तिचं वर्णन करायला मला सासरेबुवांच्या गाऱ्हाण्यापलीकडे काही लागलं नाही.

घरीही मी त्यांची नक्कल करायचो. ताट पुढे आलं की सूर लावायचा, बा देवा म्हाराजा, आज आमटीत मीठ पडला नाय. कालिंदीने त्याला कधी 'व्हय' दिलं नाही. तोंड फिरवून हसायची आणि सांगायची, की घाटावरच्या माणसाने मालवणी बोलणं म्हणजे त्याने बांगडा खाण्यासारखं, काटे सगळे घशात. मी मूळचा खटावचा. आडनावही खटावकरच, त्यामुळे लपवायची सोय नाही. निवृत्तीनंतर मात्र मी तिच्या हट्टापायी वेंगुर्ल्याला येऊन राहिलो, आणि राहता राहता मला तिथलं सगळं आवडू लागलं. काटेसुद्धा.

नोव्हेंबरात एका सकाळी तिच्या हातून पितळी पेला पडला. तो घरंगळत दारापर्यंत गेला आणि ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेली. पाय हळूहळू काठीच्या आधाराने परत आला. हात आला नाही. बोलणंही आलं नाही. पणजीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. जन्मभर पाठ असलेलं असतं ते कधी कधी आपोआप बाहेर पडतं. आरत्या, पाढे, काहीतरी म्हणून बघा. ते बोलणं नव्हे, पण तेवढाच आवाज मोकळा होतो. आम्ही आरत्या म्हटल्या. पाढे म्हटले. शेजारच्या बायका टाळ घेऊन येऊन भजन करून गेल्या. त्यातून एवढंच झालं की माझे पाढे पक्के झाले.

राहिली मान. तीही कामाची नव्हती. चहा हवा का विचारलं की मान हलायची. नको का विचारलं तरी तीच मान, तशीच. तिच्या मनात एक असायचं आणि मान भलतंच सांगायची. मग ते कळून तिचे डोळे भरायचे. म्हणून मी विचारणंच कमी केलं.

मार्च संपता संपता अनघा आली आणि आम्हाला टोकियोला घेऊन गेली. ती आमची एकुलती एक. सुमिदा नदीच्या पलीकडे जुन्या वस्तीत तिचं घर. मधे नदी, अलीकडे मोठमोठ्या इमारती, आणि पलीकडे हे तुळशीवृंदावनाएवढे दरवाजे, दारात कुंड्या आणि कुंड्यांवर झोपलेली मांजरं.

तिथला पहिला महिना मी झोपेत चालावं तसा चाललो. भाषा कळत नसली की शहर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. माणसांची तोंडं हलतात, गाड्या जातात, दुकानदार काहीतरी गोड बोलतो, आणि आपल्यापर्यंत नुसत्या लाटा येतात. एकदा मी बागेतल्या बाकावर माझी टोपी विसरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर कुणीतरी ती कुंपणाच्या खुंटावर, येणाऱ्याच्या डोळ्यांना दिसेल अशा उंचीवर, घडी नीट करून ठेवली होती. मला वाटतं मी तिच्यापुढेही वाकलो. ज्या मुलखात हरवलेली वस्तू मालकाची वाट पाहत उभी राहते, तिथून परत कशाला जायचं, असं मला वाटू लागलं.

खरं कारण अर्थात वेगळं होतं. वेंगुर्ल्यात कालिंदीला भेटायला माणसं यायची, तिच्याशी मोठ्याने बोलायची, जणू ती बहिरी झाली होती. तिच्या गप्प राहण्यावर हळहळायची आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवायची. टोकियोत ती बोलत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिथे लिफ्टमध्ये सगळेच गप्प. आगगाडीत सगळेच गप्प. आम्ही दोघं नदीच्या काठाने चालायचो तेव्हा मुक्या बायकोचा नवरा म्हणून मला कुणी पाहत नव्हतं. दोन म्हातारे परदेशी, भाषा येत नाही, एवढंच.

शेजारच्या कुरिहारा-सान यांचाही तसाच समज झाला होता. या विधवा बाई कालिंदीपेक्षा थोड्या मोठ्या. पूर्वी त्यांचं सुईदोऱ्याचं दुकान होतं. त्या रोज दुपारी कसल्यातरी शेंगा टोपलीत घेऊन यायच्या, कालिंदीजवळ बसायच्या, आणि दोघी मिळून शेंगा सोलायच्या. कुरिहारा-सान दोन हातांनी सोलायच्या आणि अखंड बोलायच्या. कालिंदी एका हाताने सोलायची आणि ऐकायची. ही गप्प आहे ती जपानी येत नाही म्हणून, अशी बाईंची खात्री होती. पुढे अनघाने त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, की मलाही हिची भाषा येत नाही, तेव्हा फिट्टंफाट. आणि अर्धवट राहिलेली हकिगत पुढे सुरू केली.

अनघाच्या मनात आम्हाला कायमचं तिथेच ठेवून घ्यायचं होतं. आजारी आईला जवळ ठेवायला मिळावं असा अर्ज तिने तयार केला होता आणि सोमवारी ती तो द्यायला जाणार होती. तो मंजूर झाला तर वेंगुर्ल्याचं घर बंद. मी माझ्यापुरता कधीच हो म्हणून बसलो होतो. शनिवारी जेवताना अनघाने वाडगा खाली ठेवला.

"बाबा, आई काय म्हणते?"

"हो म्हणते."

"नीट विचारलंत?"

"दोनदा विचारलं. राहायचं का म्हटलं, दोन्ही वेळा मान हलली."

"आणि परत जायचं का, ते विचारलंत?"

मी म्हटलं, "एवढं खोलात कशाला शिरायचं?"

कालिंदी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिने डाव्या हाताने आपलं ताट थोडं पुढे सारलं. याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

आणि रविवारी सकाळी कुरिहारा-सान आम्हाला देवळाला घेऊन गेल्या.

देऊळ त्यांच्या वस्तीचं. नेमकं किती जुनं ते कुणाला ठाऊक नाही, पण चारशे वर्षांच्या आतलं नाही असं सांगतात. एकदा भूकंपानंतरच्या आगीत जळलं, एकदा युद्धात. दोन्ही वेळा वस्तीने पुन्हा उभं केलं. अंगणातलं जुनं गिंको झाड मात्र तेच आहे. त्याचं खोड एका बाजूने कोळशासारखं काळं आणि दुसऱ्या बाजूने कोवळ्या पानांनी भरलेलं. दगडी कमानीच्या दोन्ही अंगांना दगडाचेच दोन सिंह, कुत्र्याच्या चेहऱ्याचे. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं बंद. उघड्या तोंडाचा पहिला सूर काढतो आणि मिटल्या तोंडाचा शेवटचा, असं बाईंनी सांगितल्याचं अनघा म्हणाली. मला उघड्या तोंडाच्या सिंहाबद्दल लगेच आपुलकी वाटली. कालिंदी मिटल्या तोंडाच्या सिंहापाशी थांबली, त्याच्या ओल्या डोक्यावरचं पान तिने काढून टाकलं, आणि मग पुढे आली.

त्यानंतर ते कडं, ती माझी प्रदक्षिणा, आणि ते तिचं अर्धं हसू.

ते हसू पाहिल्यावर माझ्या अंगात आलं. कुत्र्यालासुद्धा हसवता आलं असतं तर मी हसवलं असतं, अशी माझी अवस्था झाली. म्हाताऱ्यांना वाट देऊन मी देवासमोर गेलो. तिथे मूर्ती नाही. लाकडी पायऱ्या, आत काळोख, काळोखात एक गोल आरसा, आणि वरून लोंबणारा जाडजूड दोर, त्याला घंटा. कुरिहारा-सान यांनी पद्धत दाखवली. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, हात जोडून मनात बोलायचं, मग पुन्हा वाकायचं.

टाळीपाशी अडलं. कालिंदीने डावा हात वर केला. उजवा आला नाही. ती तशीच उभी राहिली, एक तळवा हवेत धरून. कुरिहारा-सान यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या बाजूला सरकल्या, आणि आपला उजवा तळवा तिच्या डाव्या तळव्यावर मारला. एकदा. आणखी एकदा. दोन म्हाताऱ्या बायकांची मिळून एक टाळी. आवाज चांगला वाजला. गिंकोवरचा कावळा उडाला.

मग बाई अनघाशी काहीतरी बोलल्या. अनघा म्हणाली, "त्या सांगतायत, मागणं मागायच्या आधी देवाला आपलं नाव आणि पत्ता सांगा. या देवाकडे त्याच्या हद्दीतली माणसं असतात. बाहेरून कोण आलंय हे त्याला कळायला नको का?"

मला सासरेबुवा आठवले. रवळनाथही आपल्या शिमेपुरता, गावच्या हद्दीपुरताच. शिमेबाहेरच्याने आधी आपली ओळख सांगायची, मग काय ते बोलायचं. इतक्या लांब येऊन देव तसाच निघाला, गावकीतला.

मी अनघाला म्हटलं, "मनात बोलायचं ते तुमचं तुम्ही बोला. तुझ्या आजोळी देवाशी मोठ्याने बोलतात."

"बाबा, इथे नको. लोक आहेत."

पण मी कालिंदीकडे पाहिलं. तिचं हसू अजून गालाच्या कडेला होतं. आणखी थोडं वाढवायचं, एवढाच माझा हेतू होता. मी छाती पुढे काढली, सासरेबुवांसारखी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा..."

आणि सवयीने थांबलो.

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं अनघा. आवाज घोगरा, वर्षभर न उघडलेल्या कडीसारखा. मनात म्हटलं, पोरगी ऐन वेळी आजोबांवर गेली. मी पुढे निघालो.

"मी खटावकर. रवतंय वेंगुर्ल्याक, पोस्टाच्या फाटल्यान. तालुको वेंगुर्ला, जिल्लो सिंधुदुर्ग, पिनकोड ह्या घडयेक याद येना रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी मी डोळे किलकिले केले. अनघा माझ्या डाव्या हाताला होती. तिचं तोंड मिटलेलं होतं आणि त्यावर तिचा हात होता. आवाज उजवीकडून आला होता.

खिडकीत पाखरू येऊन बसलं की आपण त्याच्याकडे पाहत नाही, तसं मी उजवीकडे पाहिलं नाही. समोरच्या आरशात एक पांढुरकं काहीतरी हलत होतं, ते माझंच डोकं असावं. पलीकडे निळ्या घोळदार कपड्यातला तरुण पुजारी अंगण झाडत होता. त्याच्या झाडूचा आवाज थांबला. आता काहीही झालं तरी बोलणं तोडायचं नाही, एवढंच मला कळलं.

"तू ह्या वाडीचो राखणदार. तुझी शीम खय ता आमका ठावूक नाय. चुकान वाट चुकलाव, उरफाटे फिरलाव, तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हाइ," कुरिहारा-सान म्हणाल्या. तिथे दुसऱ्याचं ऐकताना दर श्वासाला 'हाइ' म्हणायची पद्धत आहे. त्याचा अर्थ हो असाच असतो असं नाही; मी इथे आहे, तुमचं चालू द्या, इतकाच.

मग मी मागत सुटलो. तिन्ही म्हाताऱ्यांना आयुष्य मागितलं. कुत्र्याला मागितलं. कुरिहारा-सान यांच्या गुडघ्यांना तेल मागितलं. माझी टोपी ज्याने खुंटावर ठेवली त्याच्या घरी दूधदुभतं मागितलं. जगात आणखी काय मागण्यासारखं असतं ते मला आठवेना, तेव्हा झाडूवाल्या पुजाऱ्याचं लग्न मागितलं. प्रत्येक मागण्यामागे उजवीकडून 'व्हय म्हाराजा' येत होतं, आणि दर खेपेला कडीवरचा गंज थोडा कमी होत होता. त्यामागे बाईंचं 'हाइ'. एक सूर उघडा, एक मिटलेला.

अनघा माझ्या कानाशी आली. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "हे पाठ असलेलं आहे. डॉक्टर म्हणाल्या होत्या ना. आपोआप येतंय."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "नळ आलाय तेवढ्यात भरून घेऊ दे."

आणि खरंच मला ठाऊक होतं. सबंध गाव न ऐकता ज्याला हो म्हणतो, त्यालाच तीही हो म्हणत होती. मी तिथे देवाकडे भूकंप मागितला असता तरी 'व्हय म्हाराजा' आलं असतं. तरीही मी मागत राहिलो.

"ही माझी बायल कालिंदी, गावकराचा चेडू. हिच्या बापाशीचो आवाज रवळनाथाच्या देवळातसून बंदरार जाय. हिचो आवाज खय तरी हरवलो. तुमच्या मुलखात हरवलेला परत गावता असा आयकलंय. कोणाक गावलो तर हिच्या डोळ्यांसमोर ठेव रे म्हाराजा."

मग आलं. "व्हय म्हाराजा."

आता म्हटलं, आपलंही काम उरकून घ्यावं. उद्या सोमवार. देवासमोर एकदा 'व्हय' आलं की अनघालाही पुढे काही विचारता येणार नाही. सभा कशी उरकायची हे मी आयुष्यभर जवळून पाहिलं होतं. मी सूर आणखी गोड केला.

"तर म्हाराजा, ह्या तुझ्या शिमेत आमी दोघांनी कायमचा रव्हाचा ठरवलाव. चेडू हय, आमी हय. वेंगुर्ल्याच्या घराक कुलूप. तर तेका तू मान्यता दी रे म्हाराजा."

आणि थांबलो.

काही आलं नाही. दोर वाऱ्याने किंचित हलला आणि घंटा वाजली नाही. मागे कड्याच्या गवतातून पाणी ठिबकत होतं. नळ गेला, मला वाटलं. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने, लहान मुलाला शेवटचा घास भरवतात तसं.

"हयच रव्हाचा ठरवलाव रे म्हाराजा..."

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात हे वाक्य नाही. कोकणात देवळं उभी राहिली तेव्हापासून ते कुणी म्हटलेलं नाही, कुणाला पाठ असायचा प्रश्नच नाही.

"हाइ," कुरिहारा-सान म्हणाल्या.

आता मी वळलो. कालिंदी माझ्याकडे पाहत नव्हती. आतल्या काळोखाकडे पाहत होती, जिथे तो आरसा होता. काठीवरचा तिचा डावा हात पांढरा पडला होता.

मी म्हटलं, "काय म्हणलंस गे?"

तिचे ओठ हलले. काही आलं नाही. तिने मान हलवली, तीच, दोन्हीकडची. माझ्याशी बोलायची वाट अजून बंद होती. मग मी देवाकडे वळलो. याखेपेला मान तिरकी केली नाही, डोळेही मिटले नाहीत.

"बरा. तर मग म्हाराजा, हिका हिच्या घराक, हिच्या रवळनाथाच्या शिमेत, सुखान पोचव."

"व्हय म्हाराजा."

मघापासून येत होते तेच शब्द होते.

"ह्या चेडवाचो हय एकट्याचो सांभाळ कर. तिका आवयची याद इली तर तिका रडाक लाव नको."

"व्हय म्हाराजा," दोन आवाज आले. अनघा शाळेत असताना मालवणी बोलायची लाज वाटून खोलीचं दार लावून घ्यायची. आता तिने पलीकडे जाऊन आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि हात तिथेच ठेवला.

माझं एक राहिलं होतं.

"आणि माका पण हिच्या वांगडा न्हेशीत काय रे म्हाराजा?"

यावर कालिंदी थांबली. गरज होती त्यापेक्षा जरा जास्तच थांबली. गालाच्या डाव्या कडेला ते हसू पुन्हा आलं.

"व्हय म्हाराजा."

आम्ही वाकलो. माझं वाकणं जरा लांबलं, कारण लगेच वर पाहण्यासारखा माझा चेहरा नव्हता. मान वर केली तेव्हा पुजारी झाडूवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून खोल नमस्कार केला. आपल्या लग्नाचं मागणं झालं आहे हे त्याला कळलं की काय, कोण जाणे.

परतताना पुन्हा कडं लागलं. कालिंदीने अनघाचा हात सोडला. काठी टेकत ती एकटीच त्या हिरव्या गोलातून आत गेली, पलीकडे क्षणभर थांबली, आणि उजवीकडे वळली. देव उजव्या हाताला ठेवून, वेंगुर्ल्यात वळते तशी. कुरिहारा-सान तिच्या मागेच होत्या. त्या कड्यात उभ्या राहिल्या, डावीकडे पाहिलं, जिकडे त्या जन्मभर वळल्या होत्या, आणि मग कालिंदीच्या मागे उजवीकडे गेल्या. तिसरी फेरी संपवून आलेले म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. आधी कुत्रा निघाला. त्याच्या मागे दोरी, दोरीमागे त्याचा मालक, मग छत्री, मग उरलेला म्हातारा. अनघाही गेली. धुक्यात ती सगळी रांग उरफाटी फिरत होती आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मी मात्र या खेपेला चुकायचं नाही असं ठरवलं होतं. अनघाने सांगितलं होतं तसा कड्यातून पलीकडे गेलो, नीट डावीकडे वळलो, आणि समोरून सगळं जपान माझ्या अंगावर आलं.

सगळ्यात पुढे कालिंदी होती.